वीस रुपयांचा पास : पुण्याच्या वस्त्यांतली शौचालयं, १९९९ ते २००१

पहाटे पाच ते सकाळी नऊ, म्हणजे चार तास. कामावर निघायचं, पोरांना शाळेत धाडायचं, नळाला पाणी येतं तेही याच वेळात. एका संडासामागे पन्नास माणसं धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत. डबा घेऊन आत जायचं, कडी तुटलेली असेल तर एका हाताने दार ओढून धरायचं, बाहेरून कुणीतरी ठोठावतंच, की उठायचं.

हे पन्नासाचं गणित शासनाच्या निकषातलंच आहे. केंद्र सरकारने १९७२ मध्ये शहरी झोपडपट्ट्यांसाठी पर्यावरण सुधारणा योजना आणली, तेव्हा १५० माणसांमागे एक नळ आणि २० ते ५० माणसांमागे एक संडास असं प्रमाण ठरवलं. कागदावर खालचं टोकही होतं, पण प्रत्यक्षात ते कुणी धरलं नाही. पन्नासाला एक मिळाला तरी वस्ती स्वतःला नशीबवान समजायची, आणि बहुतेक वस्त्यांना तेवढंही मिळालेलं नव्हतं.

रांगेत सगळ्यांत आधी मागे ढकलली जातात ती लहान मुलं. मोठ्या माणसाला कामाची घाई असते, पोराला कोण पुढे सोडणार? मग पोरं गटाराच्या कडेला बसतात आणि वस्ती घाण ठेवतात म्हणून बोलणी बसतात ती त्यांच्या आईला. बायका अंधाराची वाट बघतात. दिवसभर पाणी कमी प्यायचं, म्हणजे जावं लागणार नाही, हा हिशेब वस्तीतल्या मुलींना फार लहानपणी समजतो. आज या प्रकरणाकडे वळताना मला आधी हेच सांगावंसं वाटतं, कारण पुढे निधी, निविदा, एस्टिमेट असे शब्द पुष्कळ येणार आहेत आणि त्यात ही रांग विसरायला होते.

पैसा नव्हता असं नाही

विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पाचशेहून अधिक झोपडपट्ट्या होत्या आणि शहरातली सुमारे ४० टक्के माणसं तिथे राहत होती असं मानलं जाई. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत, दांडेकर पूल, कासेवाडी, ताडीवाला रोड, येरवडा, हडपसरची रामटेकडी ही नावं पुणेकराला पाठ आहेत. या वस्त्या एका रात्रीत उभ्या राहिलेल्या नाहीत. कितीतरी वस्त्यांत तिसरी पिढी वाढत होती.

त्यांच्यासाठी सरकारी पैसाही होता. १९७२ च्या योजनेत माणशी १२० रुपयांची मर्यादा होती. ती वाढत वाढत १९९० च्या दशकात ८०० रुपयांवर गेली. त्यातून नळ, गटारं, संडास, फरसबंदी, दिवे असं सगळंच करायचं होतं. १९९६ मध्ये राष्ट्रीय झोपडपट्टी विकास कार्यक्रम आला आणि झोपडपट्टीतल्या लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना जादा केंद्रीय सहाय्य मिळू लागलं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी तरतूद असायची. आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतूनही शौचालयं बांधली जात.

अट एकच, पण मोठी होती. महाराष्ट्रात १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती 'घोषित' झालेली असावी लागे. रेल्वेच्या किंवा संरक्षण खात्याच्या जमिनीवरच्या वस्तीसाठी जमीनमालकाचं ना हरकत प्रमाणपत्र आणल्याशिवाय महापालिकेला एक वीटही रचता येत नसे. अघोषित वस्तीतला माणूस तितकाच गरीब, त्याची रांग तितकीच लांब, पण तरतुदीत त्याचं नाव नाही.

तरीही घोषित वस्त्या शेकड्यांनी होत्या. मग १९९२ ते १९९९ या सात वर्षांत पुण्यात नवी शौचालयं, म्हणजे एकेका इमारतीत अनेक संडास असलेले ब्लॉक, उभी राहिली ती अवघी २२. पाचशे वस्त्यांत बावीस!

याचं कारण समजून घ्यायचं तर जुन्या पद्धतीने एक शौचालय कसं बांधलं जाई ते बघावं लागतं. नगरसेवक मागणी करायचा, ती अंदाजपत्रकात बसली की अभियंता एस्टिमेट करायचा, निविदा निघायची, ठेकेदार यायचा. तो मोकळी दिसेल ती जागा घ्यायचा. ही जागा बहुधा वस्तीच्या कडेला, नाल्याजवळ, जिथे रात्री बाई जाऊ धजणार नाही अशी. वस्तीतल्या कुणाला काही विचारायचा प्रश्न नसे, कारण मोजमाप पुस्तकात तसा रकानाच नाही. भिंत किती फूट, संडासाची भांडी किती, दारं किती हे मोजलं की बिल निघायचं. पाण्याची टाकी वेगळ्या खात्याची, ड्रेनेजची जोडणी तिसऱ्याच खात्याची. ठेकेदार गेला की पुढची जबाबदारी सफाई कर्मचाऱ्याची, आणि त्याच्याकडे असे दहा ब्लॉक. पाणी नसलेला संडास तो तरी कसा धुणार? सहा महिन्यांत दारं जायची, वर्षभरात भांडी फुटायची, मैला टाकी भरून वाहायची. मग लोक ती इमारत सोडून पुन्हा उघड्यावर बसायचे आणि "यांना बांधून दिलं तरी वापरता येत नाही" असं वॉर्ड ऑफिसात बोललं जायचं. हे वाक्य मला आजही संतापजनक वाटतं. जी इमारत कुणी वापरू शकणार नाही अशी बांधली गेली, तिचा दोष न वापरणाऱ्यांच्या माथी मारलेला आहे.

आयुक्तांचा निर्णय

१९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड पुण्याचे महापालिका आयुक्त होते. त्यांनी शौचालयांचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घ्यायचं ठरवलं आणि नेहमीच्या ठेकेदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. ज्या संस्थांना वस्त्यांमध्ये कामाचा अनुभव आहे त्यांना प्राधान्य होतं. निविदा फक्त बांधण्याची नव्हती. बांधल्यानंतर चालवण्याचीही होती. सगळ्या बदलाचं मूळ मला या एका अटीत दिसतं. जो बांधणार त्यालाच उद्या तिथे पाणी आहे का, चेंबर तुंबलाय का हे बघायचं असेल, तर तो पाइप किती इंची टाकतो हे बदलतं.

वाटणी अशी झाली. बांधकामाचा पूर्ण भांडवली खर्च महापालिकेचा. जागा, पाणी आणि वीज तिचीच. दर्जा काय असावा हेही तिने ठरवायचं. आराखडा, बांधकाम आणि देखभाल संस्थेने वस्तीला बरोबर घेऊन करायची. दर आठवड्याला आयुक्त, अभियंते आणि संस्था यांची एकत्र बैठक होई आणि कुठे काय अडलंय ते सगळ्यांसमोर मांडलं जाई. एका टेबलावर पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि वॉर्ड ऑफिस बसलेलं असलं की "ते आमच्याकडे येत नाही" हे उत्तर देता येत नाही. साधी गोष्ट आहे, पण ज्यांनी कधी एका नळजोडणीसाठी तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या असतील त्यांना तिचं मोल कळेल.

दोन वर्षांत ४०० हून अधिक शौचालयांचा कार्यक्रम आखला गेला, एकूण १०,००० हून अधिक सीटांचा, सीट म्हणजे ब्लॉकमधला एक संडास. पन्नासाचा हिशेब लावला तर पाच लाख माणसांची सोय. आधीच्या तीस वर्षांत मिळून जेवढी शौचालयं बांधली गेली त्यापेक्षा जास्त या दोन वर्षांत बांधली गेली आणि पैसाही जास्त खर्च झाला.

जोतं म्हणजे काय

काम मिळालेल्यांत एक आघाडी होती: स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन. स्पार्क १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था, फेडरेशन जॉकिन अर्पुथम यांनी १९७० च्या दशकात उभं केलेलं, आणि महिला मिलन १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या बचतीतून जन्मलेलं. पुण्यातही महिला मिलनच्या बचत गटांचं जाळं होतं. रोज रुपया-दोन रुपये गोळा करणाऱ्या, वहीत नोंद ठेवणाऱ्या, अडीअडचणीला कर्ज देणाऱ्या बायका. त्यांच्याकडे हिशेबाची शिस्त होती आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे, कुणाचा नवरा काम सोडून बसलाय, हेही ठाऊक होतं. बांधकाम मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं.

या आघाडीकडे ११४ शौचालयं आली. त्यांत मोठ्यांसाठी २,००० हून अधिक सीटा आणि लहान मुलांसाठी ५००.

नंतर या बायकांनी सांगितलेल्या अनुभवांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. सुरुवातीला नकाशा म्हणजे काय, जोतं कशाला म्हणतात, पाया किती खोल, गिलावा कसा करतात, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. काही ठिकाणी त्यांनी गवंडी आणि मजूर स्वतः लावले, काही ठिकाणी इंजिनिअर नेमला, सिमेंट-वाळूचे दर काढले, माल मोजून घेतला. बिगारी म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींवर घमेली वाहिलेल्या बायका त्यांच्यात होत्या. घमेल्यात काय कालवलं जातं आणि कुठे हात मारला जातो हे त्यांना नकाशा न वाचताही कळत होतं. आपल्याकडे 'क्षमता बांधणी' हा शब्द फार वापरतात, जणू समोरचा मोकळा हंडा आहे. इथे अर्धी क्षमता आधीपासून होती. ती कागदावर कशी मांडायची एवढंच शिकायचं होतं.

पैशाची खरी अडचण दुसरीकडे होती. सरकारी काम म्हणजे आधी खर्च करा, मग मोजमाप, मग बिल, मग चेक. अनामत रक्कम आधी भरा. मोठ्या ठेकेदाराच्या मागे बँक असते. बचत गटातल्या बाईने शनिवारी मजुरांचा पगार कुठून द्यायचा? चेक पुढच्या महिन्यात येणार, पण मजुराच्या घरची चूल आज पेटायची असते. म्हणून मधल्या काळाला पैसा पुरवणारी, हमी देणारी संस्था मागे असावी लागली आणि स्पार्कने ते काम केलं. गरीब वस्तीच्या संघटनेला सरकारी काम देणाऱ्या कुठल्याही योजनेकडे बघताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: पहिल्या बिलाआधीचे सहा आठवडे कोण निभावणार आहे? बहुतेक शासन निर्णयांत याचं उत्तर नसतं.

इमारत

बांधलेल्या शौचालयांचा आराखडा बघितला की ज्यांनी तो केला त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या हे लगेच कळतं.

पुरुष आणि बायकांची दारं वेगवेगळ्या बाजूंना. जुन्या ब्लॉकमध्ये दोन्ही रांगा समोरासमोर असायच्या आणि हातात डबा घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे समोरचे पुरुष बघत राहायचे. उजेड आणि वारा येईल अशी उंच बांधणी, कारण अंधाऱ्या खोलीत मुली घाबरतात आणि अंधारात दारू पिणारे, पत्ते खेळणारे ठाण मांडतात. मोठी पाण्याची टाकी, कारण महापालिकेचं पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं आणि संडास पूर्ण दिवस लागतो. काही ठिकाणी दार आत आणि बाहेर दोन्हीकडे उघडणारं, म्हणजे बादली घेऊन शिरताना अंगाला भिंत घासत नाही. म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी वेगळी सोय.

मुलांचा भाग तर वेगळाच विचार करून बांधलेला. मोठ्यांच्या संडासात पोरं जात नाहीत, कारण भांड्यातलं भोक मोठं असतं आणि आत पडू अशी भीती असते, दार लागलं की अंधार होतो, आणि मोठी माणसं बाहेर हाकलतात. म्हणून छोटी, उथळ भांडी, धरायला दांडे, मोकळी जागा, आईला बाहेरून दिसेल असं. एकूण जागेत मुलांच्या पाच सीटांना फारशी जागा लागत नाही. खर्चही थोडा. पण त्याआधीच्या कितीही सरकारी नमुना-आराखड्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण आराखडा करणाऱ्यांच्या घरी मुलांना रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

आणि एक खोली, देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबासाठी. शहरात डोक्यावर छप्पर मिळणं किती महाग आहे हे लक्षात घेतलं तर या खोलीचं आर्थिक महत्त्व कळतं. राहायला जागा मिळाल्यामुळे ते कुटुंब कमी पगारावर काम करायला तयार होतं, रात्री-अपरात्री इमारतीत कुणीतरी हजर असतं, नळ चोरीला जात नाहीत. अर्थात, संडासाला लागून असलेल्या खोलीत संसार मांडायला कोण तयार होतं, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. सफाईचं काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतं हे सगळ्यांना माहीत आहे. या प्रकरणाच्या कौतुकभरल्या वर्णनांत त्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि ते मला खटकतं.

जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतींविषयीच्या विशेष अधिवेशनात या मुलांच्या शौचालयाची पूर्ण आकाराची प्रतिकृती मांडली होती आणि तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान ती पाहून गेले. त्याच वर्षी २ डिसेंबरला केंद्राने वाल्मीकी आंबेडकर आवास योजना सुरू केली. तिच्यात सार्वजनिक शौचालयांसाठी निधीचा २० टक्के भाग राखून ठेवला होता. पुण्याचा आणि मुंबईचा अनुभव दिल्लीपर्यंत पोचला होता.

महिन्याचे वीस

आता ज्या भागासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येते. भांडवली अनुदान इमारत देतं. फिनेल, झाडू, बल्ब, तुटलेला नळ, तुंबलेला पाइप आणि देखभाल करणाऱ्याचा पगार यासाठी ते एक पैसा देत नाही. पुण्यात हा खर्च वस्तीने उचलायचा होता.

एक मार्ग होता तो दर वेळी पैसे घेण्याचा. स्टेशनवर, बाजारात तसं असतं आणि प्रवाशाला ते जडही जात नाही. पण पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी दिवसाला एकदा एक रुपया दिला तर महिन्याला दीडशे होतात. रुपया वाचवायचा म्हणून आई पोरांना बाहेरच बसवणार, आणि ज्या कारणासाठी एवढं बांधलं तेच हातचं जाणार. म्हणून कुटुंबाला महिन्याचा पास ठेवला, वीस रुपयांचा. कितीही वेळा जा, कितीही माणसं जा.

वीस सीटांचा ब्लॉक धरू. हजार माणसं, म्हणजे दोनशे कुटुंबं. सगळ्यांनी पास घेतला तर महिन्याला चार हजार रुपये. तेव्हाच्या दरात खोलीसह देखभाल करणारं कुटुंब, साफसफाईचं सामान आणि किरकोळ दुरुस्ती यात बसवणं शक्य होतं. सगळ्यांनी पास घेतला तर. पैसे गोळा करायचं काम बचत गटाच्या बायकांनी केलं तेव्हा ते जमलं, कारण त्या तशाही रोज दारोदार जात होत्या आणि त्यांना टाळणं कुणाला सोपं नव्हतं. कुणाचा महिना अडचणीचा आहे हे त्यांना कळायचं आणि तिथे त्या थांबायच्याही. बाहेरून आलेल्या वसुलीवाल्याला हे साधत नाही.

पण एखाद्या ब्लॉकची मैला टाकी खचली, स्लॅब गळू लागला, जमिनीखालची लाइन फुटली, तर चार हजारांतून ते होत नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी कुठल्याच योजनेत सोयीस्कर रकाना नव्हता. नवीन बांधायला निधी मिळतो, नारळ फुटतो, पाटी लागते. जुन्याची गळती थांबवायला निधी मागितला की फाइल फिरत राहते. मी या मुद्द्यावर अडून बसते याचं कारण असं की बांधकामाच्या दर्जाइतकाच हाही दर्जाचा प्रश्न आहे. इमारतीचं आयुष्य तीस वर्षांचं आणि अनुदानाचं आयुष्य एका आर्थिक वर्षाचं, तर मधली एकोणतीस वर्षं कुणाची?

अडथळे

सगळ्या ४०० ठिकाणी सारखं काम झालं नाही. संस्थांमध्येही फरक होता. काहींनी वस्तीला खरोखर बरोबर घेतलं, काहींच्या लेखी 'लोकसहभाग' म्हणजे एक बैठक आणि एक फोटो. घाईचाही परिणाम झाला. दोन वर्षांत एवढी संख्या गाठायची म्हटल्यावर काही ठिकाणी इमारत आधी आणि पाण्याची किंवा ड्रेनेजची जोडणी नंतर, असं झालं. कोरडी इमारत बांधून ठेवणं म्हणजे जुन्याच गोष्टीची पुनरावृत्ती. वस्तीशी नीट बोलायला जो वेळ लागतो तो आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चला माहीत नसतो, आणि खर्च न झालेली रक्कम परत जाईल या धाकाने कितीतरी चांगली कामं अर्धवट समजुतीवर उरकली जातात.

राजकारण होतंच. ज्यांचा हक्काचा धंदा गेला ते ठेकेदार गप्प बसणार नव्हते. काही नगरसेवकांना आपल्या वॉर्डातलं काम आपल्याला न विचारता होतंय हे रुचलं नाही, तर काहींनी उत्साहाने जागा मिळवून दिली. नगरसेवकाला सरसकट खलनायक ठरवणं मला योग्य वाटत नाही. वस्तीतल्या माणसाला वॉर्ड ऑफिसात कुणी ओळखत नाही, तेव्हा हाच माणूस त्याच्यासाठी फोन करतो. त्याला पूर्ण वगळून केलेलं काम आयुक्तांची बदली झाली की उघडं पडतं, कारण आयुक्त जातात आणि नगरसेवक तिथेच असतो.

मुंबईत जागतिक बँकेच्या मलनिस्सारण प्रकल्पाचा भाग म्हणून १९९५ पासून वस्ती शौचालयांचा कार्यक्रम चालू होता. तिथे २००५ पर्यंत तीनशेहून अधिक ब्लॉक उभे राहिले. दोन शहरांची तुलना केली तर पुण्याचा वेग डोळ्यांत भरतो. मात्र हा वेग एका अधिकाऱ्याच्या इच्छेवर उभा होता. नियम बदलून, निविदेच्या कायम अटी बदलून तो पक्का केला गेला असता तर पुढच्या कुठल्याही आयुक्ताला तो सहज मोडता आला नसता.

पुढे

महिला मिलनच्या बायका तिथे थांबल्या नाहीत. पुढे जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात शहरी गरिबांच्या मूलभूत सुविधांसाठी पैसा आला, तेव्हा येरवड्यातल्या वस्त्यांत आहे त्या जागीच घरं बांधून देण्याच्या कामात त्या उतरल्या. घरामागे तीन लाख रुपये, निम्मे केंद्राचे, कुटुंबाचा वाटा दहा टक्के, आणि प्रत्येक घरात स्वतःचा संडास. शौचालयं बांधताना शिकलेलं एस्टिमेट इथे घराला लागू पडलं. दहा वर्षांपूर्वी जोतं म्हणजे काय विचारणाऱ्या बायका आता घरमालकिणीला नकाशा समजावून सांगत होत्या.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि अनुदानाची दिशाच फिरली. त्यात पैसा होता घरातल्या संडासाला: केंद्राचे ४,०००, राज्याचे ८,०००, वर स्थानिक संस्थेची भर. हप्त्याहप्त्याने, आधीचा आणि नंतरचा फोटो बघून. घरात संडास असावा ही प्रत्येक बाईची इच्छा असते आणि ती पूर्ण व्हायलाच हवी. रात्री दोन वाजता लेकीबरोबर बाहेर जावं लागू नये यापेक्षा मोठं काय असतं? पण ज्या गल्लीत ड्रेनेजची लाइनच गेलेली नाही तिथे १२,००० रुपये काय करणार? लाइन हे महापालिकेचं काम, संडास हे कुटुंबाचं काम, आणि अनुदान दुसऱ्याला मिळालं, पहिलं राहिलं. पुण्यात शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्थेने वस्त्यांचे घरोघरचे नकाशे करून आधी लाइन कुठवर आहे ते तपासलं आणि मग सामान देऊन कुटुंबाकडून बांधून घेतलं, तिथे हे काम टिकलं. नकाशा आधी, अनुदान नंतर, हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो.

ज्यांच्या घरात संडास झाला त्यांनी साहजिकच पास बंद केला. सार्वजनिक शौचालयावर उरले ते भाडेकरू, कारण घरमालकाच्या संमतीशिवाय त्यांना अनुदान मागता येत नाही. उरली ती आठ बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणारी कुटुंबं, जिथे संडास बसवायचा तर चूल कुठे ठेवायची हा प्रश्न आहे. उरल्या त्या नाल्याकडेच्या गल्ल्या, जिथे लाइन पोचत नाही. म्हणजे वस्तीतले सगळ्यांत गरीब. मघाचा वीस सीटांचा ब्लॉक पुन्हा घेऊ. दोनशे कुटुंबांची नव्वद झाली तर वीस रुपयांच्या हिशेबाने महिन्याला अठराशे येतात. पास चाळीसचा केला तरी छत्तीसशे, आणि फिनेलचा, नळाचा, मजुरीचा दर काही १९९९ चा राहिलेला नाही. सीटा वीसच्या वीस आहेत, रोज धुवायच्या तेवढ्याच, पाण्याची टाकी तेवढीच, आणि शेजारच्या खोलीत एक कुटुंब राहतंय.